नमुन्याची बाटली

आमच्या वाघोलीच्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट आहे आणि तो चालवणारे एक काका आहेत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही; सगळे त्यांना ‘प्लांटवाले काका’च म्हणतात. प्लांटच्या दाराशी ते चपला काढतात. कारण विचारलं तर म्हणाले, “बाहेरची घाण आत कशाला?” आम्ही नाकाला रुमाल लावून उभे असतो आणि ते शुद्ध झालेलं पाणी काचेच्या बरणीत घेऊन उजेडासमोर धरतात. मग “बरं हाय” एवढंच बोलतात. यापेक्षा मोठं कौतुक त्यांनी कशाचंच केलेलं मी ऐकलेलं नाही.

मध्यंतरी प्लांटच्या पाण्याचा नमुना तपासणीला पाठवायचा होता. मी सोसायटीचा सेक्रेटरी. उगाच धोका नको म्हणून मी त्यांना बाटलीत आमचं प्यायचं, टँकरचं पाणी भरायला सांगितलं.

“साहेब, आपलंच धाडू की. बरं हाय,” ते म्हणाले.

“अहो काका, सांगतोय तेवढं करा.”

त्यांनी टँकरच्या पाण्यानं बाटली भरली.

नमुना नापास झाला. जंतू मर्यादेपेक्षा जास्त, प्लांट ताबडतोब दुरुस्त करावा, असं अहवालात होतं. मी तो त्यांना वाचून दाखवला. ते हसले नाहीत, हेच मला जास्त लागलं.

तेवढ्यात फाटकाशी टँकरचा हॉर्न वाजला. त्यांनी चपला घातल्या, टँकरचा पाइप हातात घेतला आणि अगदी आदबीनं मला विचारलं,

“साहेब, हे कुठं सोडू? प्यायच्या टाकीत, का प्लांटमधी?”