भावोजींचं बिनफटीचं कपाट

आमच्या भावोजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, फट सहन होत नाही. दारं-खिडक्या करणारा सुतार माणूस. वारा आत येऊ न देणं हाच त्यांचा धर्म. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी चौकटीवरून बोट फिरवतात आणि मग यजमानाकडे असं बघतात, की त्या बिचाऱ्याला स्वतःच्याच चारित्र्याची शंका यावी. माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मुलाकडच्यांची एवढीच चौकशी केली, की त्यांच्या घराच्या खिडक्या कुणी केल्यात.

अशा माणसाला सासरा मिळाला आमचा बाप. बाबांनी जन्मात एक खिळा सरळ ठोकला नाही. मांसाला धुरी द्यायला त्यांनी परसात एक लाकडी कपाट केलं होतं, सामानाच्या खोक्यांच्या फळ्या आणि कुणीतरी टाकून दिलेलं दार जोडून. खाली निखाऱ्यांवर ओलसर भुसा धुमसत ठेवायचा आणि वर आकड्यांना खारवलेलं मांस टांगायचं. धूर छपरातून निघायचा, बाजूंनी निघायचा, बंद दारातूनही निघायचा. लग्नानंतर भावोजी पहिल्यांदा घरी आले, त्याकडे बघून म्हणाले, "हे कपाट आहे की चाळण?" बाबा त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

यंदा बाबांना ताप आला. तो गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. माणूस बघता बघता अंथरुणाला खिळला. चमचा पुढे केला की तोंड भिंतीकडे. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सांगितलं, की औषधांचं काम संपलंय, आता पोटात अन्न गेलं नाही तर हे राहणार नाहीत. मागतील ते द्या. आणि बाबांनी मागितलं काय, तर त्यांच्या कपाटातलं मांस.

आम्ही दोघी परसात धावलो. दार ओढलं तर दार हातात आलं आणि मागोमाग उरलेलं कपाट मटकन खाली बसलं. कित्येक दिवस कुणी हात न लावल्याने खालच्या फळ्या कुजून गेल्या होत्या.

"मी करतो नवं," भावोजी म्हणाले. चेहरा गंभीर ठेवला होता, पण मला फसवणं सोपं नाही. इतक्या वर्षांनी ते कपाट एकदाचं त्यांच्या तावडीत सापडलं होतं.

केलंही त्यांनी. खाचेत फळी, फळीत खाच, कोपरे गुण्या लावून काटकोनात, दाराला रबराची पट्टी. लाकूड रंधून असं गुळगुळीत केलं, की ताई म्हणाली, "मांस राहू दे, यात मी साड्या ठेवते." पॉलिश मात्र लावलं नाही, एवढी अक्कल होती. वर धूर जायला करंगळीएवढं भोक ठेवलं, तेही मी डोकं खाल्लं म्हणून.

मांस टांगलं, भुसा धुमसायला लागला, दार लावलं. बाहेर धुराची एक रेघ नाही.

"बघ," भावोजी हाताची घडी घालून मला म्हणाले, "सगळा धूर आत. कणभर वाया नाही."

संध्याकाळी दार उघडलं. निखारे गुदमरून विझलेले, आतल्या फळ्यांना घाम फुटलेला आणि मांसावर काळं, चिकट पाणी. ताईने तरी आशेने एक चकती कापून बाबांच्या तोंडाशी नेली. त्यांनी जीभ लावली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले. "जावईबापू, मारायचंच असेल तर उशी घ्या. लवकर होईल."

एरवी मी हसून लोळले असते. तेव्हा नाही. परसात जाऊन मी भावोजींना नको नको ते बोलले. तुमच्या हौसेपायी माझा बाप उपाशी जाईल, इथपर्यंत. ते पटाशी घेऊन कपाटासमोर बसले. एक साधी फट पाडायची होती. त्यांनी खूण केली, पुसली, गुण्या लावला, पुन्हा खूण केली. शेवटी पाडली ती इतकी सरळ आणि देखणी, की लगेच तिच्यावर सरकतं झाकण बसवलं. झाकण अर्थात घट्ट. मी कपाळावर हात मारून घेतला.

सकाळी ते बाबांच्या खाटेशी जाऊन उभे राहिले. "मला जमत नाही, बाबा. तुम्ही बाहेर चला."

आम्ही त्यांना पांघरुणात गुंडाळून खुर्चीसकट परसात नेलं. बाबांनी ते देखणं कपाट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"रबर काढा."

भावोजींनी काढलं.

"त्या दोन फळ्या उपटा. लांब लांब लावा."

"बाबा, मधून बोट जातंय."

"बोट जातंय तर धूर जाईल. ठोका."

प्रत्येक फळीला भावोजींचा चेहरा असा होई, की त्यांचाच दात उपटतोय कुणी. मग बाबांनी हातोडी मागितली. हात खांद्यापर्यंतही उचलेना. भावोजींनी खालून त्यांचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून एक खिळा ठोकला. तो वाकडा गेला. भावोजींनी तो तसाच राहू दिला, आणि मला त्यांचा राग धरणं जड गेलं.

नवं मांस टांगलं. धूर चहूबाजूंनी असा सुटला, की शेजारी बादली घेऊन भिंतीवरून डोकावला. बाबा आत यायला तयार होईनात. दिवसभर तिथेच बसून भावोजींना हुकूम सोडत राहिले, भुसा टाका, निखारे सारा, दार एवढं लावू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजींनी पहिली चकती कापली, कागदासारखी पातळ. बाबांनी ती तोंडात ठेवली. चावत राहिले, चावतच राहिले. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत. मग गळ्याचा उंचवटा वर गेला आणि खाली आला.

"मीठ कमी पडलंय," म्हणाले आणि ताटली पुढे केली.

ताईला रडू फुटलं. मलाही. भावोजींनी दुसरी चकती कापली, चांगली जाड.