भावाचा भाव

माझं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचं दुकान आहे, आणि मधल्या भिंतीपलीकडे मिस्त्रींचं गॅरेज. एकोणीस वर्षांचा शेजार. भिंत अर्ध्या विटेची, त्यामुळे त्यांच्याकडे कुठल्या गाडीचं काम चाललंय ते मला शिलाई मशीनवर बसल्याबसल्या कळतं. त्यांचं कुणाशी बिनसलंय तेही कळतं.

मिस्त्री नुसते नटबोल्ट आवळणारे नव्हेत. हल्लीच्या गाडीत कुठल्या वेगाला किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, याचा एक भलामोठा तक्ता गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. धंद्यात त्याला मॅप म्हणतात. मिस्त्री लॅपटॉप जोडून तो मॅप उघडतात, आकडे इकडचे तिकडे करतात, आणि चढावर धापा टाकणारी गाडी निमूट वर चढते. आमचं गाव उंच पठारावर, हवा विरळ, त्यात पंपावरचं पेट्रोल यथातथाच. गाड्या बनवणाऱ्यांनी मॅप केलेले असतात ते सपाटीवरच्या, चांगल्या पेट्रोलच्या देशांसाठी. तेच इथे चालवले की इंजिन खडखडायला लागतं. मिस्त्री एकेक गाडी घाटात नेऊन, लॅपटॉप मांडीवर ठेवून, कान देऊन ते खडखडणं घालवतात. एका मॉडेलला कधी महिना जातो.

हे काम त्यांनी ज्याला शिकवलं तो त्यांचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांनी लहान. सात वर्षांपूर्वी तो शेजारच्या मोठ्या देशात गेला आणि तिथे त्याने हेच दुकान थाटलं. फरशी अशी की गॅरेजात चहा सांडला तर पुसून घ्यावासा वाटेल. दर रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो. मिस्त्रींची आई फोन जेवायच्या टेबलावर बरणीला टेकवून ठेवते आणि घरातल्या सगळ्यांना समोर बसवते.

"बघ रे, किती उजेड आहे त्याच्या गॅरेजात," आई म्हणते.

"दिसतोय," मिस्त्री म्हणतात.

सोमवारी सकाळी पलीकडून पान्हे जरा जास्तच जोरात आपटायला लागले, की मी समजते, काल फोन चांगला अर्धा तास चाललेला असणार.

खरी ठिणगी पडली ती मागच्या वर्षी. मिस्त्री बारा वर्षं जे सॉफ्टवेअर वापरत होते ते कंपनीने बंद केलं. नव्या गाड्या त्यात उघडेनात. नवीन घ्यायचं तर आपल्या देशात एकच एजंट, एक बाई. त्यांनी जो भाव सांगितला त्यात एक बरी जुनी गाडी आली असती. मिस्त्रींनी मन घट्ट केलं होतं. पण त्या रविवारी धाकट्याने सहज बोलता बोलता सांगितलं की तेच सॉफ्टवेअर आणि लॅपटॉप गाडीला जोडायचा तोच डबा त्याने मार्चमध्ये घेतला, आणि कितीला ते सांगितलं. बरोबर तिसरा हिस्सा. वर म्हणाला, "दादा, इथे तर लहर आली की लोक घेतात. दोन-दोन घेतात."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. कामाच्या वेळेत ते कधी बसत नाहीत.

"ताई, मला एक सांगा," ते म्हणाले. "कमाई त्याची माझ्या चौपट. आणि माल त्याला माझ्या तिसऱ्या हिश्शात. हे कुठल्या हिशोबात बसतं? ज्याच्याकडे आहे त्याला स्वस्त?"

"त्यात त्याचा काय दोष?" मी विचारलं.

"दोष नाही म्हणतोय का मी?" ते म्हणाले, पण चेहरा काही वेगळंच सांगत होता. "स्क्रू कुठल्या बाजूला फिरतो ते मी दाखवलंय त्याला. आता तो बटण दाबतो आणि आई टाळ्या वाजवते."

बायकोने त्यांना सुचवलं की भावालाच तिकडून घेऊन पाठवायला सांगा. मिस्त्रींना ते मागणं जिवावर आलं. तीन रविवार त्यांनी विषयच काढला नाही. चौथ्या रविवारी बायकोनेच दिराला सांगून टाकलं. धाकट्याने लगेच घेतलं आणि पाठवलं, पैसेही घेईना. तेही मिस्त्रींना टोचलं.

डबा आला त्या दुपारी मी मुद्दाम पलीकडे गेले. त्यांनी तो एका पांढऱ्या गाडीला जोडला. पाव तास सगळं झकास चाललं. मग पडद्यावर एक ओळ आली: हे उपकरण या देशात विकण्यासाठी नाही. त्यानंतर डब्यावरचा हिरवा दिवा विझला तो विझलाच.

मिस्त्रींनी तिथूनच भावाला फोन लावला.

"तू काही केलंस का?"

"मी काय करणार, दादा?" पलीकडून आवाज आला. "माझा इथे चालू आहे."

"तुझा चालणारच."

"म्हणजे?"

"काही नाही. तुझं सगळंच चालतं." आणि फोन ठेवला.

पुढचे दोन रविवार मिस्त्रींना नेमकं फोनच्या वेळी गॅरेजात काम निघालं. रविवारी गॅरेज बंद असतं. दोन्ही वेळा ते कुलूप उघडून आत एकटेच बसले होते. मला त्यांच्या बायकोने सांगितलं.

शेवटी ते एजंटबाईंशी भांडायला निघाले. मला म्हणाले, "चला तुम्ही, साक्षीला." मी गेले. टायरच्या दुकानावरती दोन खोल्या, एकीत खोकी, दुसरीत बाई. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. मिस्त्रींनी बंद पडलेला डबा टेबलावर ठेवला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि काय झालंय ते न सांगताच ओळखलं.

"तिकडून मागवलात ना? सगळे एकदा मागवतात."

"तिकडे तिसऱ्या हिश्शात का मिळतं, एवढं सांगा," मिस्त्री म्हणाले. "मला लुटताय ते कळलंय. का लुटताय ते कळू दे."

बाई रागावल्या नाहीत. "तिकडे गिऱ्हाइकं चाळीस हजार," त्या म्हणाल्या. "इथे अकरा. तुम्ही घेतलंत तर बारा. फोनवर मदत करायला माणूस तिकडेही एक ठेवावा लागतो, इथेही एक. इथला माणूस म्हणजे मी. मला दर वर्षी शिकायला जावं लागतं, त्याचा खर्च त्या अकरा जणांवर. बंदरात डबा अडकतो, तोही त्या अकरा जणांवर. तिकडे पाच कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्यात, म्हणून भाव पडतो. इथे दुसरं कुणी येतच नाही."

"म्हणजे दुसरीकडे जाता येत नाही म्हणून चढवता."

"तेही आहे," बाई म्हणाल्या. "भाव निम्मा केला तर इथे बाराचे सोळा होतील. चाळीस हजार होणार नाहीत. कंपनीला ते पक्कं ठाऊक आहे. मी दोनदा लिहिलं, उत्तरसुद्धा आलं नाही. तिकडचा एजंट महिन्याला विकतो तेवढं मी जन्मात विकणार नाही. त्याचे फोटो येतात मला, बक्षीस घेतानाचे."

हे म्हणताना त्यांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला. मिस्त्रींचा आवाज तिथून पुढे जरा खाली आला.

"आणि एवढं देऊन," बाई पुढे म्हणाल्या, "तुम्हाला खोटं कशाला सांगू, पठारासाठी तयार केलेला एकही मॅप त्यात नाही. अकरा माणसांसाठी कोण बसून करणार?"

"मी केलेत," मिस्त्री म्हणाले. "चौतीस मॉडेलचे."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

बाईंनी कंपनीला कळवलं आणि पंधरा दिवसांत कंपनीचं पत्र आलं. चौतीस मॅप तपासायला द्या, पसंत पडले तर सॉफ्टवेअर दहा वर्षं फुकट. मात्र ते मॅप कंपनीच्या यादीत जाणार, आणि ती यादी सगळ्या जगात सारखी. त्यांच्या भावाच्या देशातही डोंगर आहेत. म्हणजे मिस्त्रींनी बारा वर्षं घाटात घासलेलं काम धाकट्याला बटण दाबून मिळणार, आणि तेही त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या भावात.

तीन आठवडे पत्र खणात पडून राहिलं.

"द्यायला हरकत काय आहे?" एकदा त्यांच्या बायकोने माझ्यासमोरच विचारलं. "त्याने मागितले असते तर दिलेच असते ना तुम्ही?"

"मागितले असते तर," मिस्त्री म्हणाले. "न मागता मिळणार त्याला. त्याला नेहमी न मागताच मिळतं."

"मग आपण काय करायचं? जुन्या गाड्या संपेपर्यंत त्यांचीच कामं करत बसायचं?"

शेवटी मिस्त्रींनी कंपनीला एकच अट घातली: प्रत्येक मॅपवर माझं नाव हवं. कंपनी म्हणाली, नावं घालत नाही, फक्त क्रमांक. दोन दिवस ते धुमसले, मग सही केली. महिनाभराने एजंटबाई स्वतः नवा डबा घेऊन आल्या. हिरवा दिवा लागला तो लागलेलाच राहिला, आणि पलीकडचं आपटणं कमी झालं.

दिवाळखोरीत निघणारं गॅरेज वाचलं वगैरे काही नव्हतं. ते आधीही चाललं होतं. पण मिस्त्री परत रविवारी टेबलाशी बसायला लागले. अशाच एका रविवारी धाकटा आईला सांगत होता, डोंगराकडची गिऱ्हाइकं वाढलीत म्हणून. मग मिस्त्रींकडे वळून म्हणाला, "दादा, कंपनीने उंचावरचे मॅप टाकलेत नवे. काय काम केलंय! कुणीतरी एकेक आकडा हाताने घासलाय. मला असं कधी जमलं नसतं."

"बरं," मिस्त्री म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले.

सोमवारी त्यांनी मला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना 'मला असं कधी जमलं नसतं' या वाक्यावर जरा थांबले. भावाला खरं सांगायचं नाही असं त्यांनी घरात बजावलं होतं. बायकोने ते मानलं, आईने मानलं नाही. आठवड्याच्या आत तिने धाकट्याला सगळं सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी फोनच आला नाही. बुधवारी आला तो थेट गॅरेजात, आणि भिंत अर्ध्या विटेची.

"मला का नाही सांगितलंस?" धाकटा विचारत होता. मिस्त्रींनी फोन स्पीकरवर टाकला होता, हातात काम होतं म्हणून, किंवा मी ऐकावं म्हणून.

"तुला काय फरक पडतो?"

"सात वर्षं मी त्यांचा माल घेतोय, दादा. त्यांच्या लेखी मी चाळीस हजारांतला एक. मी फोन केला तर मशीन बोलतं. तुझ्याकडे एजंट दुकानात येते, कंपनी पत्र लिहिते. माझं काम आजवर कुणी मागितलं नाही."

फोन बंद झाल्यावर पलीकडे शीळ ऐकू आली. एकोणीस वर्षांत मी मिस्त्रींची शीळ ऐकली नव्हती. दोन दिवस ती चालली. गिऱ्हाइकांना ते गोड बोलले, माझ्या दुकानाचं दार कुरकुरत होतं त्याला न सांगता तेल घातलं.

शुक्रवारी दुपारी शीळ थांबली. मी पलीकडे जाऊन पाहिलं तर ते लॅपटॉप उघडून बसले होते.

"काय झालं?"

"त्याचा आवाज," ते म्हणाले. "ताई, तो परवा जसा बोलला ना, तसा मी वर्षभर मनात बोलत होतो. अगदी तस्सा." मग भावाला फोन लावून म्हणाले, "ऐक. पस्तिसावं एक मॉडेल आहे. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर गेलं की खडखडतं, मला काही केल्या जमत नाही. फाइल पाठवतो. बघ तुला जमतंय का."

"मला?"

"मग कुणाला? आणि बटण दाबून होणारं नाही ते. गाडी घेऊन डोंगरात जा."

चार दिवसांनी फाइल परत आली. मिस्त्रींनी ती गाडीत घातली आणि मला शेजारी बसवून घाट चढले. तीन हजार, साडेतीन, चार. इंजिन एकसुरात चाललं होतं. वर पोचल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, वाकून बराच वेळ कान दिला. खडखड कुठेच नव्हती.

"चांगलं झालंय," मी म्हणाले.

"झालंय," मिस्त्रींनी बॉनेट बंद केलं. "चार दिवसांत कसं काय जमलं पण त्याला?"