वरचे साहेब

सासरेबुवांना जावई कळला होता असं म्हटलं, तर ते खोटं ठरेल. बायको गेल्यावर ते मुलीकडेच राहायला आले, पण जावयाशी बोलणं म्हणजे ‘जेवलात का’ आणि ‘पेपर झाला का वाचून’ एवढंच. जावई त्यांना मामा म्हणायचा. दोघेही भिडस्त. एकजण खोकला तरी दुसऱ्याला वाटे, आपली अडचण होतेय.

उंच इमारतींच्या बांधकामावर जावई क्रेन चालवायचा. पार वरच्या काचेच्या खोलीत दिवसभर एकटा. मजूर त्याला ‘वरचे साहेब’ म्हणत. लघवीसाठी शिडी उतरून खाली यायचं, तर सगळं काम खोळंबायचं, मुकादमाचं तोंड वाकडं व्हायचं. म्हणून तो पाणीच पीत नसे. बसून बसून पाठ धरायची, त्यावर रोज दुखण्याच्या गोळ्या. हे सगळं सासरेबुवांना दवाखान्यात कळलं.

त्या उन्हाळ्यात काचेच्या खोलीची भट्टी झाली. आधी उलट्या, मग पायांवर सूज, मग लघवीच बंद.

डॉक्टरीणबाई खाटेशी उभं राहून म्हणाल्या, “किडन्यांनी अचानक काम टाकलंय. पाणी कमी, त्यात त्या गोळ्या. रक्तात पोटॅशियम साचतंय, ते वाढलं तर हृदय थांबेल. मानेतल्या शिरेत नळी घालून मशीनवर रक्त साफ करू. तोवर किडन्यांना उसंत मिळेल. त्या पुन्हा चालू होतील अशी आशा आहे.”

“एकदा मशीन लागलं की जन्माचं लागतं,” जावई म्हणाला. “मग मला वर कोण चढू देईल?”

“जन्माचं नाही म्हणतेय मी. तुमच्यासारख्या बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत सुटतं. पण आज लावायला हवं.”

“उद्या बघू.”

मुलगी रडली, भांडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर येऊन म्हणाली, “बाबा, तुम्ही बोला. तुम्हाला तो नाही म्हणणार नाही.”

सासरेबुवा स्टुलावर बसले.

“जावईबापू, मला यातलं काही कळत नाही. पण तुम्ही नसलात तर पेपर कुणासाठी ठेवू?”

“त्यातलं शब्दकोडं तर आधीच सोडवून ठेवता, मामा.”

“यापुढे नाही सोडवणार.”

जावई हसला आणि त्याने सही केली.

पण मधली रात्र गेली ती गेलीच. मशीन लागून थोडाच वेळ झाला असेल, हृदय थांबलं. सासरेबुवा तेव्हा खाटेजवळ नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काल लावलं असतं तर कदाचित. तो ‘कदाचित’ सासरेबुवांबरोबर घरी आला आणि तिथेच राहिला. शेजारच्या खाटेवरची बाई, तिच्याही किडन्या अशाच बंद पडलेल्या, पुढे मशीन सुटून आपल्या पायांनी घरी गेली म्हणे.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती क्रेन दिसते. काम सुटलं की तिचा लांब हात आपोआप फिरत राहतो. वाऱ्याला अडवलं तर क्रेन कोसळेल, म्हणून ब्रेक सोडून ठेवतात, असं मुलीने सांगितलं. कारण त्यांना पटतं. तरी तो हात घराच्या दिशेला येऊन थांबला की सासरेबुवा खुर्ची सोडून उठतात. पाण्याचा पेला तोंडाला लावताना वाटतं, वरून कुणीतरी बघतंय.

त्या दिवशी मशीन सुरू झाल्यावर दोघांचं बोलणं झालं ते एवढंच. नळीतून रक्त बाहेर जात होतं, दुसऱ्या नळीतून परत येत होतं. जावयाची नजर त्यांच्या अनवाणी पायांवर गेली.

“मामा, चपला कुठं काढल्यात?”

“दाराबाहेर. आत आणू देत नाहीत.”

“नव्या आहेत ना? कुणीतरी घालून जाईल.”

“गेल्या तर गेल्या.”

“गेल्या तर गेल्या काय? बघून या.”

“बरं. आलोच.”