विहीणबाईंची शेवंती

विहीणबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रेवाच्या डब्यासाठी पोळी लाटत होते. फोन सुनेच्या मोबाइलवर आला होता, पण अश्विनी वर आंघोळीला गेलेली, म्हणून माझ्या मुलाने, संदीपने, तो घेतला. तो कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यातली पाळी संपवून नुकताच घरात शिरला होता, गळ्यातलं ओळखपत्रही अजून काढलं नव्हतं. थोडा वेळ नुसतं ऐकलं त्याने आणि मग म्हणाला, "आई, शेगडी बंद कर." मला वाटलं, पोळी करपतेय. मग तो खुर्चीवर बसला आणि हळूच म्हणाला, "अश्विनीची आई गेली गं. झोपेतच." मी शेगडी बंद केली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता रेवाला आजी एकच उरली... आला तो आला. हे मी माझ्यापुरतं लिहिते आहे, कोणाला दाखवायचं नाही, म्हणून जसं आलं तसं लिहिते.

अश्विनी त्याच दिवशी विमानाने पुण्याला गेली. रेवाची शाळा होती, संदीपची पाळी होती, म्हणून मी इथेच राहिले, आयर्लंडमध्ये, लिक्सलिपला. रेवा आठ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते, आणि तेही इथल्या लोकांसारखं गाऊन. ती जन्मली तेव्हापासून आम्ही दोघी आज्या आळीपाळीने इथे येत आलो. व्हिसा जेवढा मिळेल तेवढे दिवस त्या राहायच्या, मग त्या गेल्या की मी. दिवाळीच्या आसपास मात्र काही आठवडे दोघी एकदम असायचो. एका आजीने लावलेली घडी दुसरीने मोडायची असंच ते चालायचं. मी आले की पहिले दोन दिवस मसाल्याचे डबे शोधण्यात जायचे, कारण विहीणबाईंनी ते त्यांच्या सोयीने लावलेले असायचे. पण डब्यांचं काही नाही. मला खुपायचं ते वेगळंच. रेवा त्यांना नुसतं 'आजी' म्हणायची आणि मला 'गावआजी'. आम्ही संगमनेरकडच्या, म्हणून लहानपणी कोणीतरी ओळखीसाठी लावून दिलेलं ते नाव चिकटलं. मी एकदा तिला समजावून पाहिलं, की अगं, मी तुझ्या बाबाची आई, मीपण आजीच की. ती म्हणाली, "आय नो, गावआजी." नुसत्या आजी त्या होत्या. मला ते नुसतं आजी व्हायचं होतं, बाकी मला या घरात काही नको होतं.

विहीणबाई मास्तरीण होत्या, निवृत्त झालेल्या. माझं शिक्षण चौथी. त्या इथे आल्या की आठवड्यात अर्धं गाव ओळखीचं करून टाकायच्या. मी इतक्या वर्षांत शेजारणीला हात हलवण्यापलीकडे गेले नाही. आणि त्यांचा तो मातीचा उद्योग. ती खरी माती नव्हेच, प्लास्टिकची रंगीत कणीकच असते, मळून मऊ करायची, हवा तो आकार द्यायचा आणि ओव्हनमध्ये भाजली की घट्ट होते. तिचे त्या झुमके करायच्या, माळा करायच्या, पदके करायच्या. रेवा शाळेतून आली की दप्तर दारातच टाकून टेबलाशी. दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली, हाताला रंग, तोंडात इंग्रजी. मी पलीकडे भाजी निवडत बसायचे. मधूनच दोघी हसायच्या. मला कळायचं नाही कशाला हसल्या ते, आणि विचारायचं म्हटलं तर तोवर हसणं संपलेलं असायचं.

दर शनिवारी दोघी चॅरिटी शॉपच्या फेरीला जायच्या. इथे लोक नको झालेल्या वस्तू दान देतात आणि दुकानवाले त्या स्वस्तात विकतात. बरेचदा घरातलं म्हातारं माणूस गेलं की त्याचं सगळं सामान तिथेच येतं. एकदा मलाही नेलं. विहीणबाई शिरल्या की सरळ कोपऱ्यातल्या फुटक्या दागिन्यांच्या टोपलीशी. एक कानातलं आहे तर दुसरं नाही, ब्रोच आहे तर टाचणी नाही, असला कचरा. त्या एखादं नक्षीचं बटण उचलायच्या, उजेडाशी धरायच्या आणि मातीत दाबून त्याचा ठसा कसा उठेल ते रेवाला सांगायच्या. मला अंगावर काटा आला. मी म्हटलं, "अहो, मेलेल्या माणसांच्या वस्तू घरात कसल्या आणता?" तर म्हणतात, "वस्तूंना कसलं सुतक, ताई?" गल्ल्यावरची आयरिश बाई त्यांना बघून काहीतरी बोलली, या काहीतरी बोलल्या, आणि दोघी जन्माच्या मैत्रिणी असल्यासारख्या हसल्या. मी दाराशी उभी, पदर सावरत.

तिथूनच त्यांनी एक यंत्र आणलं होतं. दोन रूळ आणि एक दांडा, पीठ घालून दांडा फिरवला की खालून लांबलचक पट्टी बाहेर येते. इथले लोक त्याच्यावर त्यांच्या शेवया करतात म्हणे. एका वर्षी दिवाळीच्या आधी विहीणबाई आणि रेवा बाहेर गेल्या होत्या आणि मला कपाटात ते यंत्र दिसलं. मला वाटलं, करंजीच्या पाऱ्या लाटायला याच्यासारखं काही नाही. खरंच छान पातळ लाटल्या गेल्या. मन लावून मी करंज्या केल्या, तळल्या, आणि ताटात काढल्यावर पाहते तर प्रत्येकीच्या कडेला निळी-हिरवी रेघ. रुळांमध्ये त्यांची माती अडकलेली. त्या परत आल्या आणि ताट बघून म्हणाल्या, "अगं बाई, विहीणबाई, करंज्यांना पैठणीचा काठ लावलात की." रेवा पोट धरून हसली. अश्विनी हसली. संदीपने एक उचलून पाहिली आणि म्हणाला, "आई, खायचं नाही हां हे, प्लास्टिक आहे." सगळ्या करंज्या केराच्या डब्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी पदर खोचला, पीठ भिजवलं आणि म्हणाल्या, "चला ताई, आता हाताने. तुम्ही लाटा, मी भरते." त्यांचं मन चांगलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ती दिवाळी घरात अजून 'काठाच्या करंज्यांची' म्हणून बोलण्यात निघते, आणि ते नाव त्यांनी दिलेलं आहे.

आम्ही दोघी विधवा. माझे मालक गेले तेव्हा मी कानातलं काढलं ते पुन्हा घातलं नाही. विहीणबाईंच्या कानात मात्र नेहमी काहीतरी झुलत असायचं, कधी मोरपंखी, कधी लिंबाच्या फोडीसारखं. मी एकदा नकळत बघत राहिले तर म्हणाल्या, "नवरा गेला ताई, कान नाही गेले." असं बोलायला जमतं कसं एखाद्याला? मी रात्रभर ते वाक्य मनात घोळवलं, मलाही कुठेतरी म्हणता येईल का म्हणून. नाही आलं. त्यांनी माझ्यासाठी अबोलीच्या रंगाच्या कुड्या केल्या. मी गावी गेल्यावर त्या भाचीला देऊन टाकल्या. भाचीने लग्नात घातल्या, बायका विचारायला लागल्या, कुठून आणल्या, कोणी केल्या. मी म्हटलं, आयर्लंडहून. कोणी केल्या ते नाही सांगितलं.

अश्विनी पुण्याहून परतली तेव्हा चेहरा ओढलेला होता. दोन दिवसांनी तिने स्वयंपाकघरातलं ते कपाट उघडलं, ज्याला रेवा इथल्या लोकांसारखं 'प्रेस' म्हणते. आत विहीणबाईंचं सगळं होतं. यंत्र, मातीच्या वड्या, बटणांचे डबे. तिने लगेच दार लावलं. म्हणाली, "आई, हे सगळं चॅरिटीला देऊन याल का? मला नाही बघवत." मी हो म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. कपाट रिकामं होईल, टेबल रिकामं होईल, पोरगी शाळेतून येईल आणि माझ्याशेजारी बसेल. मी मोठी पिशवी भरली. रेवा बघत होती. तिने आत हात घालून एक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मातीचा रूळ बाहेर काढला आणि आपल्या कोटाच्या खिशात ठेवला. बोटापेक्षा जाड, वीतभर लांब, बाहेरून नुसता गडद निळा. मी म्हटलं, तेही टाक पिशवीत. ती म्हणाली, "नो."

शनिवारी आम्ही दोघी गेलो. गल्ल्यावर तीच बाई. मी पिशवी पुढे ठेवली. तिने यंत्र ओळखलं आणि माझ्याकडे पाहून काहीतरी विचारलं. मी रेवाकडे पाहिलं. रेवा म्हणाली, "शी डाइड." त्या बाईने हातातलं काम टाकलं, गल्ल्यामागून बाहेर आली आणि माझे दोन्ही हात धरले. "सॉरी फॉर युअर ट्रबल," असं म्हणाली. इथे मयताच्या घरी असंच म्हणतात, ते मला ठाऊक होतं. मग तिने मला जवळ घेतलं. मी म्हणणार होते, अहो, त्या माझ्या कोणी मैत्रीण नव्हत्या, विहीण होत्या... पण तेवढं इंग्रजी माझ्याकडे नाही. तिच्या खांद्यावर मला रडू आलं. ज्यांचा मी एवढा मत्सर केला त्यांच्या जाण्याचं सांत्वन मी घेत होते, आणि ते मला हवंही होतं. तिने पिशवी उचलून परत माझ्या हातात दिली आणि रेवाला काही सांगितलं. मी विचारलं, काय म्हणते? रेवा पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलली, अडखळत. "ती म्हणते, घरी घेऊन जा. एवढ्यात नको देऊ."

घरी आल्यावर रेवाने तो निळा रूळ टेबलावर ठेवला आणि सुरी घेतली. मला वाटलं होतं नुसता गोळा असेल. तिने सुरी दाबली तशी चकती ढासळली, तुकडे पडले. त्या तुकड्यांत पिवळं-पांढरं काही दिसत होतं. रेवाने तुकडे जुळवून दाखवले, तेव्हा दिसली ती शेवंती. एकेक पाकळीची कांडी वेगळी लांबवून, सगळ्या एकत्र बांधून केलेला तो रूळ होता, कुठेही कापला तरी आत तेच फूल. विहीणबाईंनी गेल्या खेपेला करून ठेवलेला, पुढच्या खेपेला कापायचा म्हणून. आजी गेल्यापासून रेवा रडली नव्हती, ती तेव्हा रडली. मग नाक पुसत म्हणाली, "इट्स टू कोल्ड. आजी त्याच्यावर बसायची."

"बसायची?"

"चहा पिताना. सॉफ्ट होतं मग."

म्हणजे दुपारी चहाला बसल्या की विहीणबाई हलायच्या नाहीत ते यासाठी. मी मनात म्हणायचे, बघा कशी राणीसारखी बसली आहे.

मी तो रूळ प्लास्टिकसकट घेतला आणि निऱ्यांपाशी कमरेला खोचला. वरून स्वेटर ओढला. थंडगार लागला आधी. रेवा माझ्या शेजारी कोचावर येऊन बसली, मऊ होईपर्यंत. नंतर तिने कापलं तर चकती अख्खी आली, फूल जसंच्या तसं. मला वाटलं आता भराभर कापेल, रूळ संपेल, आणि संपावा असं मला त्या क्षणीही वाटत होतं. पण तिने सुरी बाजूला ठेवली. "जस्ट वन," म्हणाली.

तेव्हापासून दर शनिवारी एकच चकती निघते. अश्विनी आता टेबलाशी येऊन उभी राहते, परवा तिने एक चकती हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मी रेवासाठी अजून गावआजीच आहे, आणि मला दिसतंय की ते बदलणार नाही. आजी म्हणजे त्याच. मला अजून ते खुपतं. तरी शनिवारी दुपारी मी तो रूळ कमरेला लावते आणि कोचावर बसते. रेवा येऊन मला टेकून बसते, स्वेटरखाली हात घालून चाचपते आणि विचारते, "मऊ झालं?"

रूळ केव्हाच मऊ झालेला असतो. मी म्हणते, "नाही गं, अजून थोडा वेळ बस."