सुटकेस केवढी घ्यावी?

आमच्या वरच्या काकांइतका प्रवासातला जाणकार आणि प्रवास न केलेला माणूस सबंध नागपुरात दुसरा नसेल. धंतोलीत त्यांच्याच घराच्या खालच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो आणि वर ते एकटे. उभी हयात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात गेलेली. लोकांचे पेटारे, सायकली, संत्र्यांच्या करंड्या त्यांनी देशभर धाडल्या आणि स्वतः मात्र कामठीच्या पलीकडे क्वचितच गेले. पण सामानाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. दिसेल ती वस्तू हातात घेऊन तिचं वजन सांगायचं, हा त्यांचा छंद. माझी बायको बाजारातून आली की जिन्याशीच तिच्या हातातली पिशवी घेऊन, दोनदा वरखाली करून ते "सव्वाचार" असं जाहीर करत. ते बरोबर असेच असं नाही, पण खोटं पाडायला आमच्या घरी तराजू नव्हता. आमची मुलगी बारशाची असताना तिलाही त्यांनी दोन्ही तळहातांवर तोललं आणि म्हणाले, "वजन कमी आहे वं सूनबाई, पण बांधणी पक्की आहे." कौतुकाच्या बाबतीत अत्यंत चोखंदळ असलेल्या माझ्या बायकोने हे वाक्य तिच्या माहेरी सगळ्यांना ऐकवलं.

आम्ही गावाला निघालो की मात्र ते आमचे वैरी होत. बांधलेली वळकटी सोडायला लावत, पुन्हा बांधत आणि काहीतरी काढून ठेवल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकू देत नसत. "हे काहून नेऊन राहिला गा? तिथं काय मिळत नाही?" असं म्हणून एकदा त्यांनी माझं दाढीचं सामानच काढून घेतलं. मेव्हण्याच्या लग्नात मी तीन दिवसांच्या खुंटांसह उभा होतो. फोटोत अजूनही मी मुलीकडचा कोणी रागावलेला नातेवाईक वाटतो.

काकू जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. एकुलता मुलगा भिलाईला इंजिनिअर, म्हणजे गाडीत बसलं की सहा तासांचा रस्ता. एका उन्हाळ्यात तो बायकोमुलांसह येऊन गेला आणि जाताना रिक्षात पाय ठेवता ठेवता म्हणाला, "बाबा, तुम्ही या ना आमच्याकडे." बस, एवढंच. पण त्या दिवसापासून काकांनी सुटकेसचा विषय काढला. लोखंडी ट्रंका मागे पडून फायबरच्या हलक्या सुटकेसा तेव्हा नुकत्याच येऊ लागल्या होत्या, लहान, मधली आणि मोठी. यातली कोणती घ्यावी, हा प्रश्न त्यांनी दूधवाल्यापासून समोरच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना विचारला. मोठी घ्या म्हटलं तर लहानचे फायदे सांगत, लहान घ्या म्हटलं तर मोठीचे. सबंध पावसाळा आम्ही या एका विषयावर काढला. शेवटी मी वैतागून त्यांना बर्डीच्या बाजारातल्या दुकानात घेऊन गेलो.

काका रिकाम्या हाताने आले नव्हते. सायकल रिक्षात त्यांच्या मांडीवर भलंमोठं गाठोडं होतं. दुकानात ते त्यांनी फरशीवर सोडलं. धोतरं, बंड्या, टॉवेल, तांब्या, देवाचा डबा, भिवापुरी तिखटाची बरणी. मग तिन्ही सुटकेसा उघडून ते एकेकीत सगळं भरून पाहू लागले. भरायचं, झाकण लावायचं, उचलायचं, पुन्हा काढायचं. गिऱ्हाइकं धोतरं ओलांडून जात होती. मी एका खांबाआड उभा राहून त्यांच्याशी ओळख नसल्यासारखं दाखवत होतो. दुकानदार बिचारा सज्जन. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "काकाजी, जाना कितने दिन के लिए है, वो बताओ. फिर साइज मैं बताता हूं."

काकांनी हातातल्या बंडीची घडी घातली. मग त्यांनी गाठोडं बांधलं आणि म्हणाले, "चाल गा."

रिक्षा निघाल्यावर ते म्हणाले, "त्यानं या म्हटलं. किती दिवसासाठी या, ते नाही म्हटलं. मी कसं विचारू, सांग बरं? लहान नेली तं पोरगा म्हणंल, बाबाले राहाचंच नाही. मोठी नेली तं सून म्हणंल, आला बाप्पा कायमचा."

"मग मधली न्या," मी म्हणालो. माझी अक्कल तेवढीच चालली.

"मधली नेली तं दोघंही इचारात पडतीन," काका म्हणाले आणि स्वतःच हसले. त्या हसण्यावर मला हसता आलं नाही. हा माणूस महिनोन् महिने कशाचं माप घेत होता, ते मला तेव्हा कळलं.

अखेर तोडगा त्यांनीच काढला आणि तो पार्सल ऑफिसच्याच माणसाला सुचावा असा होता. लहान सुटकेस घेतली, ती बरोबर न्यायची. बाकीचं सगळं, देवाचा डबा, लोकरीचं ब्लँकेट, थंडीचे कपडे, जुन्या ट्रंकेत भरलं. ट्रंकेला आडवा-उभा दोर घातला, भिलाईचा पत्ता रंगवला आणि ती आमच्या पुढच्या खोलीत आणून ठेवली. "तिथं राहाचं ठरलं की मी तुले कळवतो. तू पार्सलनं लावून दे." दसऱ्यानंतर मी त्यांना स्टेशनवर सोडलं. खिडकीत बसलेले काका नव्या टोपीत शाळेत निघालेल्या पोरासारखे दिसत होते.

दिवाळी झाली आणि काका परत आले. त्यांच्या हातात लहान सुटकेस होती आणि हमालाच्या डोक्यावर मोठी, नवी कोरी. "सुनेनं घेऊन दिली," ते कौतुकाने सांगू लागले. "स्वेटर दिला, फराळ दिला, चपला दिल्या. लहानीत मावेना, तं म्हणे, बाबा, परत जाताना तरास नको." मुलगा गुणी, सून त्याहून गुणी, नातवंडं तर विचारूच नका. काका खोटं बोलत नव्हते. त्यांना कोणीही दुखावलं नव्हतं. तक्रार करायला जागाच नव्हती आणि मला तेच फार जड वाटलं.

ट्रंक वर नेऊ का, असं मी विचारलं. "राहू दे," ते म्हणाले. "चढवाची, अन् मंग उतरवाची. बोलावतीन ना पुढं कधी." डिसेंबरात नागपूरची थंडी पडली. ब्लँकेट आमच्याकडे दोरात बांधलेलं आणि काका वर दोन चादरी एकावर एक घेऊन झोपत. बायकोने दोर सोडायचं सुचवलं, तर म्हणाले, "थंडी कुठं आहे वं?"

जानेवारीत माझ्या बदलीचा हुकूम आला. निघायच्या दिवशी ट्रंकेला मी एका बाजूने धरलं, काकांनी दुसऱ्या, आणि पायरी पायरी करत आम्ही ती वर नेली. त्यांनी आमच्या वळकटीला त्या दिवशी हातही लावला नव्हता. ट्रंकेकडे पाठ करून ते म्हणाले, "दोर तू सोड."

गाठी घट्ट होत्या, मला वेळ लागला. काकांनी झाकण उघडून ब्लँकेट काढलं, झटकलं आणि माझ्या खांद्यावर ठेवलं. "ने. रातच्या गाडीत पोरीले थंडी लागंल."

"आणि तुम्हाला काका?"

"मले कायले पाहिजे?" ते म्हणाले. "मी तं घरीच आहो."