गोणीवरची सही

माझ्या आत्याला कारखान्यात सगळे नाकाडी म्हणायचे. तिथे पाळीव माशांसाठी खाद्य बनायचं, आणि माशाच्या तेलाचं पिंप उघडलं की ते खवट झालंय का, हे ती चार हात लांबून सांगायची. बावीस वर्षं ती मिक्सरवर होती. अंगाचा वास साबणानेही जायचा नाही, आणि तिला त्याची लाज नव्हती.

आतोबा, म्हणजे तिचे यजमान, होडी घेऊन समुद्रावर जायचे. ज्या बारीक मासळीचं तेल निघायचं, ती तेच आणायचे. वर्षागणिक ती कमी होत चालली होती. एकदा रिकाम्या टोपल्या दारात आपटून ते म्हणाले, "तुमच्या पाळीव माशांच्या पोटासाठी आम्ही समुद्र खरवडून काढला!"

ते आत्याच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी ती थेट मॅनेजरसमोर उभी राहिली.

"साहेब, माशाच्या तेलाऐवजी जवसाचं आणि सोयाबीनचं घालून बघू."

"मासे तोंड लावणार नाहीत, बाई."

"ते माशांना ठरवू द्या."

मागच्या आवारात दोन टाक्या मिळाल्या. एकीत जुनं खाद्य, दुसरीत नवं. पहिला आठवडाभर नव्या टाकीतले मासे दाणे तोंडात घेऊन थुंकत होते. मॅनेजर म्हणाला, "पुरे झालं, टाकी रिकामी करा." आत्याने स्टूल ओढलं आणि टाकीला खेटून बसली. "आधी मला उचला, मग टाकी." ती दिवसातून सहा वेळा मूठ मूठ खाद्य टाकत राहिली. बाराव्या दिवशी मासे तुटून पडले. पाच महिन्यांनी वजन केलं, तर दोन्ही टाक्या सारख्याच.

आत्या हरखली. मग प्रयोगशाळेचा कागद आला. नव्या टाकीतल्या माशांत, ज्या चरबीसाठी डॉक्टर मासे खायला सांगतात, ती निम्मीच होती. मग तिने त्याच टाकीला तीन महिने पुन्हा माशाचं तेल दिलं. कमी पडलेली चरबी बरीचशी भरून निघाली.

पण मॅनेजरला आता स्वस्त तेलाची चटक लागली होती. खाद्य शेवटपर्यंत वनस्पती तेलाचंच आणि गोणीवर छपाई मात्र जुनीच, माशाच्या तेलाची, असं त्याने ठरवलं. छपाई खरी असल्याबद्दल नमुन्याच्या गोणीवर मिक्सरवाल्याची सही लागायची.

"वजन तेच, रंग तोच. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"अहो, हे खूळ तुमचंच!"

"माझंच. म्हणून त्याच्या आडून खोटं विकू देणार नाही."

त्याने सही दुसऱ्याची घेतली आणि तिला मिक्सरवरून काढून गोण्या शिवायला बसवलं. ती शिवत राहिली आणि माल न्यायला येणाऱ्या प्रत्येक मत्स्यपालकाला मोठ्याने विचारत राहिली, "आत कुठलं तेल आहे, विचारलंत का?" ते विचारू लागले. उत्तर मिळेना तेव्हा गोण्या तिथेच ठेवून निघून जाऊ लागले.

महिन्याभरात दोन वेगळ्या गोण्या छापून आल्या: एक वाढीच्या काळातली, एक शेवटच्या तीन महिन्यांची. दोन्हींवर तेलाचं नाव ठळक होतं. मॅनेजरने तिला परत मिक्सरवर घेतलं आणि पेन पुढे केलं. आत्याने चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं, त्याला ताटकळत ठेवलं आणि मग सही केली.

तो आजही तिच्याशी सरळ बोलत नाही. तिचं त्यावाचून काही अडलेलं नाही.