कपाळावरचा हळद-चुना

फेब्रुवारीत माझे पती गेले.

आज सकाळी समोरच्या घरी नव्या सुनेला ओवाळून आरतीचे लाल पाणी दारात ओतले. त्यात कालवलेल्या हळद-चुन्याचा वास आला आणि मी टी. नगरच्या आमच्या जुन्या घरात जाऊन पोचले.

लेक तेव्हा नऊ महिन्यांची होती. हॉलमधल्या झोपाळ्यावरून ती पडली आणि कपाळावर टेंगूळ आले. सासूबाईंनी हळदीत चुना कालवला, तशी ती लालभडक झाली. तोच लेप त्यांनी टेंगळावर दिला. मी ह्यांना शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात फोन केला, पण रडण्यापलीकडे मला काही सांगता आले नाही.

हे धावत आले. लेकीच्या भुवईवर ओघळलेला लाल रंग दिसताच दारातच खाली बसले. पुढे यायचा धीर होईना.

"अम्मा, श्वास घेतेय ना ती?"

"अय्यो, रक्त नोहे रे ते, हळद-चुना! बाप होऊन असा काय बसतोस? उचल तिला!" सासूबाई ओरडल्या.

डॉक्टरांनी तपासून भिण्यासारखे काही नाही म्हणून सांगितले. तरी संध्याकाळपर्यंत तिची पापणी जरा जड झाली, की हे कापऱ्या आवाजात हाक मारत, आणि ती डोळे उघडेपर्यंत मी श्वास रोखून बसे.

भ्यायचे ते लेकीसाठीच, असे तेव्हा वाटे. ह्यांच्यासाठी भ्यायचे मला कधी सुचलेच नाही.

सासूबाईही आता नाहीत. लेकीच्या कपाळावर खूण नाही, तिला काही आठवतही नाही. त्या दुपारची भीती माझ्या एकटीकडे उरली आहे.